येळवशीचा पाहुणा

माझ्या तोंडाला लगाम न्हाई, हे काय गावाला नवं न्हाई. पण त्या येळवशीला माझ्या ह्या तोंडानंच माझं घर बुडवलं असतं, आन् ह्या तोंडानंच वाचवलं. कसं ते सांगते. पण सूनबाई, मधी फिदीफिदी हसायचं न्हाई. हसायला शेवटी सवड देईन.

तवा राज्य निजामाचं, बाजार मोमिनाबादचा आन् गावचा कारभार सुंदरराव पाटलाचा. आमचं गाव घाटनांदूरच्या अंगाला. माझी साखरी लग्नाची झालती. तशी होऊन दोन-तीन वर्सं झालती, गाव नावं ठेवीत होतं, पण तिचा बाप घाई करणाऱ्यातला न्हाई. पाऊस पडल तवा पेरू, सोयरा येईल तवा देऊ, आशी त्याची तऱ्हा. आखेर तलवाड्याकडनं सोयरिक आली. माणसं लई चांगली. सुपारी फुटली त्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासूनं सोन्याची सरी माझ्या हातावर ठेवली. गळ्यात घालायची, चांगली बोटाएवढी जाड, तिच्या आजेसासूपासनं चालत आल्याली. म्हणली, "इहीणबाई, आमच्यात हळद लागल्याबिगर सरी गळ्यात पडत न्हाई. माघात लगीन हाय, तवर तुमी जपा."

तुमी जपा! एवढं बोलून ती बाई गाडीत बसून गेली, आन् माझी झोप संगं घेऊन गेली. आपलं सोनं गेलं तर माणूस चार दिस रडतं आन् गप ऱ्हातं. दुसऱ्याचं गेलं तर तोंड कुठं लपवायचं? चोरानं नेली म्हणून ऊर बडवला असता तरी लोक म्हणले असते, इकून खाल्ली आन् चोराचं नाव करत्यात. साखरीचं लगीन तर मोडलंच असतं, वर चोट्ट्याची लेक म्हणून जल्मभर बसली असती पोर.

आन् त्याच साली दिवसाढवळ्या घरं फुटायला लागलती. रातच्याला गावाला भ्या नसतं. राखण असती, कुत्री असत्यात, घरोघरच्या म्हाताऱ्या खोकत असत्यात. पण दिवसा समदं गाव रानात. चोर यायचा, दारात उभा ऱ्हाऊन पाणी मागायचा, घरात कोण हाय न्हाई बघायचा, आन् कुणी न्हाई दिसलं की कडी काढून आत. शेजारच्या गावात कापूस येचायच्या दिवसांत तीन घरं आशीच धुऊन नेलती. म्हणून पाटलानं दवंडी दिली, औंदा येळवशीला घरटी एक माणूस घरी ऱ्हाईल.

गाव पोट धरून हसलं. येळवशीला घरी?

तू नगरकडची, तुला येळवस ठावी न्हाई, म्हणून सांगते. मार्गशीर्षातली आवस. पहाटं सैपाक करायचा आन् समद्या गावानं उठून रानात जायचं. कडब्याची कोप, म्हंजे खोपटी, करायची, आत पाच पांडव मांडून पुजायचे, उभ्या जवारीत आंबील शिपडायची. आन् मग खायचं. भज्जी म्हंजे तुमची तेलात तळल्याली न्हाई. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, रानातला समदा पाला, बेसन, चिंच, समदं एका पातेल्यात. संगं बाजरीचे उंडे, म्हंजे वाफवल्याले गोळे. वर आंबील, ताकात आंबवल्यालं जवारीचं पीठ, लसणाचा ठेचा घालून. दोन तांबे पोटात गेले की पैलवान असला तरी बाभळीखाली आडवा. आन् त्या दिवशी वाटंनं जाणाऱ्याला जेवल्याबिगर सोडायचं न्हाई. वळखीचा असू दे, बिनवळखीचा असू दे. आपल्या शिवारातनं येळवशीला कुणी उपाशी गेला तर पिकाला त्याची हाय लागती.

तर सांगत व्हते, घरी कोण ऱ्हाणार? मी ऱ्हायले. गावात मी एकटीच.

साखरीचा बाप डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन दारात उभा. म्हणला, "आगं, उतरंडीत चौथ्या गाडग्यात चिंचेखाली ठेवलीस. कोण बघतंय?"

"तुमी बघितलं न्हवं? मग चोर बी बघल."

"चोर काय माझ्याएवढा हुशार हाय का?"

"तुमच्यापरीस आपली म्हस हुशार हाय. निघा."

निघाला. त्याच्या मागं भज्जीचं पातेलं घेऊन साखरी निघाली. मी मुसळ घेऊन उंबऱ्यावर बसले.

बाई गं, काय सांगू तुला! रिकामं गाव म्हंजे काय ते त्या दिवशी कळलं. कोंबडं खाकरलं तरी मी दचकायची. रानातनं हाका यायच्या, पोरांचा दंगा यायचा, फोडणीचा वास तर सरळ नाकात यायचा. आन् मी मुसळाला टेकून, तोंडाला पाणी सुटल्याली. पाटलाला शिव्या दिल्या, चोराला दिल्या, सरी देणाऱ्या इहीणबाईला दिल्या, आन् शिव्या सरल्या तवा नुसतीच बसले.

दिस डोक्यावर आला आन् गल्लीत एक माणूस दिसला. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, पाय गुडघ्यापतुर चिखलानं भरल्यालं. माझ्यापुढं येऊन म्हणला, "बाई, पाणी मिळंल का घोटभर?"

आता मला सांग, चोर पाणी मागतो हे मला ठावं. दवंडीतसुद्धा सांगितलतं. हातात मुसळ. पण माझ्या टकुऱ्यात काय शिरलं? मी म्हणलं, "येळवशीला पाणी मागतो? लाज न्हाई वाटत? कुणाच्या शेतात जेवलास?"

"कुठंच न्हाई, बाई."

"आरं, वाटंनं आलास आन् कुणी हाक मारली न्हाई?"

"वाटंनं न्हाई आलो. वढ्यातनं आलो."

दुसरी कुणी असती तर तिला तिथंच कळलं असतं की भरल्या रस्त्यावरनं न येता चिखलातनं का आला म्हणून. मला काय वाटलं? बिचारा! वढ्यातनं आला म्हणून कुणाला दिसला न्हाई. उपाशी ऱ्हायला. माझ्या दारात, येळवशीला, भर दुपारी माणूस उपाशी! घरात तर दाणा शिजल्याला न्हाई, समदं रानात नेल्यालं.

"चल," मी म्हणलं. "शेतात चल माझ्या. जेव आन् जा."

तो गडबडला. म्हणला, "कशाला तरास, बाई. तुमीच जाऊन घेऊन या. मी बसतो हितं. घर राखतो तवर."

आन् मी, ही शहाणी, काय म्हणले ठावं हाय? "वा रं वा! पाहुण्याला राखणीला बसवू? गावाची आब्रू काढतोस का? उठ, चल म्हणते ना!" मुसळ दाराआड टाकलं, कडी वढली, आन् त्याच्या घोंगडीला धरून निघाले.

हसू नको म्हणलं ना!

वाटंत पहिलं शेत बायनाबाईचं. तिनं लांबनंच हाळी दिली, "आगं वच्छला, पाहुणा कुठनं आणला? या, पाहुणं, या!" माझ्याच हातचं खायचंय म्हणून मी नको म्हणत व्हते, पण बायनाबाई ऐकती व्हय? बसवलं, पळसाच्या पानावर भज्जी वतली, दोन तांबे आंबील पाजली. तिथनं सुटलो तर पाटलाचं शेत. पाटलाच्या शेतावरनं येळवशीला उपाशी जायची कुणाची छाती? सहा उंडे घातले त्याला. तो आपला मागं गावाकडं बघतोय, "पुरं, पुरं" म्हणतोय, आन् पाटलीणबाई म्हणत्यात, "लाजू नका, पाहुणं."

आन् चालताना मी बोलत व्हते. दिसभर तोंड मिटून बसल्याली, भेटला ऐकणारा! साखरीचं लगीन सांगितलं. सरी सांगितली. सासूची चाल सांगितली. तो म्हणला, "मग ठेवली तरी कुठं एवढी भारी चीज?" मी म्हणलं, "कुठं म्हंजे? उतरंडीला. चौथ्या गाडग्यात, चिंचेखाली." हो, सांगितलं. हिरीत उडी मारावी आसं आजबी वाटतं.

आमच्या शेतात आलो तवा साखरी आंब्याला बांधल्याल्या झोक्यावर. मला बघितलं आन् झोका सोडून कोपीमागं पळाली. तिचा बाप मातर खूश. "नाव काय, पाहुणं?"

"आसाराम."

"बसा, आसाराम. पोटात जागा असो नसो, आमच्याकडची आंबील घेतल्याबिगर सुटका न्हाई."

घेतली. बिचाऱ्यानं घेतली. मग खीर घेतली. मग परत आंबील. चेहरा घामेजला, पटका ढिला झाला, आन् आंब्याच्या बुडाला पाठ लावून त्यानं पाय पसरले. डोळे मिटाय लागले. तवर आमची भज्जी चाखायला पाटीलबी येऊन बसले.

एकदम आसारामनं डोळे उघडले. "बाई, दाराला काय लावून आलात?"

"कडी."

"नुसती? कुलूप?"

"कुलूप लावलं की चोराला कळतं, आत कायतरी हाय."

"आन् नुसत्या कडीनं काय कळतं? आत कुणी न्हाई हे कळतं!" तो सरळ उठून बसला. त्याला खरंच राग आलता, सूनबाई, जसं काय त्याचंच घर उघडं पडलंय. "आन् उतरंड? आवं, चोर घरात शिरला की पहिलं उतरंड उतरवतो! मग कणगीत हात. मग देव्हारा. मग चुलीपुढची जिमीन ठोकतो, पोकळ वाजती का बघायला. आन् ते बी जाऊ द्या. वाटंनं चालणाऱ्या माणसाला तुमी दागिना सांगता? त्याचं गाडगं सांगता? मी कोण, कुठला, हे तरी इचारलं का तुमी? कावून एवढा इश्वास टाकता?"

"आरं, पण तू तर पाहुणा!" मी म्हणलं.

पाटलांनी हातातला उंडा खाली ठेवला. "पण काय बे, तुला चोराचं एवढं गणित कसं ठावं?"

आसारामनं मान खाली घातली. म्हणला, "पाटील, पोटात तुमचं आन्न हाय. आता खोटं बोलवत न्हाई. मी घर फोडायलाच आलतो. गाव रिकामं असतं म्हणून दरसाल ह्या दिवसावर डोळा ठेवून व्हतो. बाईंला म्हणलो, जाऊन या, मी घर राखतो. दुसरी कुणी असती तर गेली असती, आन् मी तवाच मोकळा झालो असतो. बाई म्हणल्या, पाहुण्याला राखणीला बसवत न्हाईत."

मी मटकन खाली बसले. आन् बसल्या बसल्या हाताला पळी लागली तशी उठले. "मुडदा बशिवला तुझा! माझ्या पोरीच्या जल्माची राखरांगोळी करायला आलतास? आन् वर मलाच शिकवतोस?" दोन पळ्या हाणल्या बी. त्यानं चुकवल्या न्हाईत. साखरीचा बाप मातर हसून हसून कोपीवर पडला, अर्धी कोप आडवी झाली. "आगं, चोराला घोंगडी धरून जेवायला आणलंस गं! चोराला!"

कुणी म्हणलं बांधा, कुणी म्हणलं ठाण्यात अमीन साबाकडं न्या. पाटील म्हणले, "मोमिनाबादपतुर चालत कोण नेणार? एवढी आंबील पिऊन मला तर शेताच्या बांधापतुर जाववत न्हाई. आन् त्यानं अजून चोरलंय तरी काय? गहिनीनाथ, तूच सांग."

साखरीचा बाप डोळे पुसत म्हणला, "चोरलं न्हाई, पाटील. खाल्लं मातर लई."

पाटलांनी निवाडा केला. "येळवशीला जेवल्याला माणूस त्या दिवशी धरायचा न्हाई. पण फुकट बी सोडायचा न्हाई. चल बे, आसाराम. गावात चल. घराघरापुढं उभा ऱ्हा आन् दाव, तू कुठनं शिरशील आन् कुठं हात घालशील."

मग काय बघायचं! पुढं चोर, त्याच्यामागं पाटील, त्यामागं समदं गाव. गल्लीत उरूस भरल्यागत गर्दी. दिस अजून चांगला वर व्हता. तो घरात पाऊलसुद्धा टाकत नव्हता. बाहेरनंच मागच्या भिंतीकडं बोट करायचा, "हितं न्हाणीचं पाणी मुरतं, भिंत भुसभुशीत झाली. हितनं शिरणार. दगड लावा." आन् मग घरवालीकडं बघायचा आन् म्हणायचा, "ह्यांचं पिठाच्या मडक्यात."

बायनाबाई लालबुंद झाली. "आगं माय! ह्याला कुणी सांगितलं?"

"तुमीच," तो म्हणला. "मी घर बघत न्हाई, नजर बघतो. चोराचं नाव काढलं की बाईची नजर आधी दागिन्याकडं जाती."

दुसऱ्या घरी कणगीच्या बुडाला निघालं. तिसऱ्या घरी गाईच्या गव्हाणीत. पाटलाच्या वाड्यापुढं तो पाटलीणबाईकडं न बघता पाटलाकडंच बघत ऱ्हायला आन् म्हणला, "घोड्याच्या खोगिरात." पाटलीणबाई म्हणल्या, "खोगिरात काय हाय?" त्यांनाच ठावं नव्हतं! पाटील पुढं पुढं चालाय लागले, मागं हशा ऐकून कुत्रीसुद्धा भुकाय लागली. तासाभरात अख्ख्या गावाला अख्ख्या गावाचं ठावं झालं. दुसऱ्या दिवशी परत्येक घरात जागा बदलायची धांदल उडाली, ती येगळी गोष्ट.

आखेर आमचं घर. कडी जागची जागी. माझा जीव भांड्यात पडला. मी उतरंडीजवळ गेले, म्हणलं, गावापुढं एकदा बघून घेते आन् मग अशी ठेवते की देवालासुद्धा घावायची न्हाई. वरचं गाडगं उतरवलं. दुसरं उतरवलं. तिसरं. चौथ्यात हात घातला. चिंच. आजून खाली, चिंच. गाडगं पालथं केलं. नुसती चिंच.

"गेली!" एवढंच निघालं तोंडातनं. डोळ्यापुढं इहीणबाईचा हात दिसला, ती गाडी दिसली, साखरी बिनलग्नाची दारात बसल्याली दिसली.

समदं गाव आसारामकडं वळलं. पाटलांची काठी वर गेली. त्याचं तोंड पांढरंफटक. "आईची आण, पाटील! दिसभर बाईंच्या नजरंपुढं हाय मी! तुमच्याच शेतात तर उंडे खात व्हतो!"

"मग कुठं गेली?"

तो घाबरून इकडं तिकडं बघाय लागला, आन् बघता बघता थांबला. "पाटील, मारायचं तर मारा. पण समदी माणसं उतरंडीकडं बघत्यात, न्हाई तर माझ्याकडं. ही पोरगी एकटीच जिमिनीकडं का बघती?"

दाराशी साखरी. गळ्याभवती पदर घट्ट गुंडाळल्याली.

मी जाऊन पदर वढला. सरी! सरी तिच्या गळ्यात! सकाळी मी म्हशीला पाणी दावायला गेले तवाच काढून घातलती. दिसभर मी रिकाम्या गाडग्याची राखण करीत बसलते.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा!" पाटलांनी काठी टेकली आन् आसे हसाय लागले की खोकलाच लागला. आसाराम तर जागीच खाली बसला, जीव आल्यागत. मला मातर हसू येईना. आंगाचा भडका झाल्ता. मी हात उगारला.

साखरी हलली न्हाई. म्हणली, "मार, आई. पण मला ती आपल्या झोक्यावर बसून एकदा घालायची व्हती. पुढच्या येळवशीला सरी गळ्यात असंल. पण हा झोका नसंल, आन् तू बी नसशील."

माझा हात तसाच वर ऱ्हायला. एक महिना झाला, सरी जाईल, सरी जाईल म्हणून मी मरत व्हते. लेक जाणार हाय, हे मनात आलंच न्हाई बघ. तिची आपल्या घरची शेवटची येळवस, ती तिकडं झोक्यावर एकटी, आन् मी हितं मुसळ घेऊन चिंचेच्या गाडग्यापाशी. मला रडू फुटलं. समद्या गावापुढं भोकाड पसरलं मी, आन् पोरीला आशी आवळून धरली की सरी माझ्या गालात रुतली.

मग नाक पुसलं आन् साखरीच्या बापाला इचारलं, "दिस किती हाय आजून?"

"कासराभर हाय की."

"झोका सोडला तर न्हाई?"

"हाय तसाच हाय. कोप तेवढी मोडलीय."

"मग चला," म्हणलं, आन् साखरीचा हात धरून निघाले. सरी काढ म्हणले न्हाई. इहीणबाईची चाल मोडली, ती मोडली. लग्नात त्यांना समदं सांगितलं, चोरासकट, तर हसता हसता त्यांच्या डोळ्यातनं पाणी आलं.

गल्लीच्या टोकापतुर गेलो आसंल, तर मागनं आसाराम वरडतोय, "बाई! आवं बाई, दार! दार सताड उघडं टाकलंत!"

"तूच लाव कडी!" मी म्हणलं. मागं वळून सुद्धा बघितलं न्हाई.

शेतात आलो तवा जवारीवर पिवळं ऊन पडलतं. साखरी झोक्यावर बसली, आन् त्या वयात मी तिच्या मागं चढले. तिचा बाप म्हणला, "फांदी मोडंल." मी म्हणलं, "मोडू द्या, ढकला." त्यानं ढकललं. मी लई भ्याले, डोळे मिटले, वरडले, त्याला शिव्या दिल्या, आन् साखरीला पोटाशी धरून म्हणलं, "आजून एकदा."